चार जागांचा प्रभाग आहेच, मतं मोजायची पद्धत बदलली तर काय होईल?

पुण्यात महापालिकेची निवडणूक जवळ आली की दरवेळी एकच वाद सुरू होतो, प्रभाग एकाचा हवा की चारचा. २००२ ला तीनचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा, मग मध्ये तीनचा करायचं ठरलं, सरकार बदललं, परत चारचा झाला, आणि जानेवारी २०२६ चं मतदानही तसंच झालं, ४१ प्रभाग, त्यातले ४० चार जागांचे आणि एक पाच जागांचा, मिळून १६५ नगरसेवक. ज्याचं राज्य असतं त्याला जो आकडा सोयीचा वाटतो तो येतो आणि आपण सगळे त्या आकड्यावरच भांडत बसतो. मला हा वादच अर्धवट वाटतो. प्रभागात जागा किती याच्याइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचं आहे की त्या जागांसाठी पडलेली मतं मोजतात कशी, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. जगात अशी शहरं आहेत जिथे आपल्यासारखेच तीन-चार जागांचे प्रभाग आहेत, पण मोजणी वेगळी आहे म्हणून निकाल पार वेगळा लागतो. त्या पद्धतीला प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट तेवढी जड नाही, आणि महाराष्ट्रात ती पद्धत काही निवडणुकांना आजही वापरतात, ते पुढे सांगते.

आधी आत्ता काय होतं ते नीट बघू. केंद्रात गेलं की मशीनवर अ, ब, क, ड अशा चार जागा असतात, प्रत्येक जागेत एकेक बटण दाबायचं, चारही झाली की बीप वाजतो आणि आपण बाहेर. आता वरवर वाटतं की चार जणांना निवडून द्यायचंय, म्हणजे वेगवेगळ्या विचारांच्या लोकांना जागा मिळत असेल. तसं होत नाही, कारण अ ची मोजणी वेगळी, ब ची वेगळी, म्हणजे एकाच मतदारांमध्ये एकाच दिवशी चार स्वतंत्र निवडणुका होतात आणि प्रत्येकीत ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकतो. ज्या पक्षाचा त्या भागात जोर असतो त्याचं अख्खं पॅनेल येतं. समजा एका पॅनेलला ४२ टक्के लोक मत देतात, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला १८ आणि एका अपक्षाला १०. अ मध्ये ४२ वाला जिंकला, ब मध्ये ४२ वाला जिंकला, क आणि ड मध्येही तोच. चारपैकी चार. उरलेल्या ५८ टक्के लोकांना त्या प्रभागात आपण निवडून दिलेला असा एकही माणूस नाही. एक सदस्याचा वॉर्ड असता तर निदान त्या चार तुकड्यांपैकी एखाद्या तुकड्यात, एखाद्या वस्तीत किंवा एखाद्या पेठेत दुसऱ्याचा जोर असता आणि तिथून एखादा आला असता. चारचा प्रभाग करून ती शक्यताही कमी होते. पाणी कमी आलं की या नगरसेवकाकडे गेलं तर तो म्हणतो ते त्यांच्याकडे, त्यांच्याकडे गेलं तर ते म्हणतात तुमची गल्ली ह्यांच्याकडे, आणि चौघं एकाच पक्षाचे असले की एकमेकांना अडचणीत आणणारा प्रश्न सभागृहात कुणीच विचारत नाही.

पुण्याचे जुने निकाल काढून बघा. २०१२ ला १५२ जागा होत्या, त्यात राष्ट्रवादी ५१, मनसे २९, काँग्रेस २८, भाजप २६, शिवसेना १५, म्हणजे सभागृह बऱ्यापैकी वाटलेलं होतं. २०१७ ला चारचा प्रभाग आला, १६२ जागांमध्ये भाजप शंभरीच्या जवळ गेला आणि मनसे २९ वरून २ वर आली. लोकांचं मत बदललं होतं यात शंकाच नाही, लाटही होती, पण अशा मोजणीत मतं जेवढी हलतात त्याच्या कितीतरी पट जागा हलतात. हे मी कुठल्या एका पक्षाच्या बाजूने बोलत नाहीये, आज ज्याच्या फायद्याचं आहे तेच उद्या त्याच्यावरच उलटतं, पंचवीस-तीस टक्के मतं घेऊनही हातात जवळजवळ काही उरत नाही अशी वेळ प्रत्येक पक्षावर कुठे ना कुठे आलेली आहे.

आता प्रमाणशीर म्हणजे काय, तर साधं आहे, जेवढी मतं साधारण तेवढ्या जागा. ते करायच्या पद्धती बऱ्याच आहेत. काही देशांत पक्ष आपली यादी देतात, मतदार पक्षाला मत देतो आणि टक्केवारीप्रमाणे यादीतले वरचे तेवढे लोक आत जातात. दक्षिण आफ्रिकेत महापालिकांना अर्धे नगरसेवक वॉर्डातून आणि अर्धे अशा यादीतून येतात. मला स्वतःला महापालिकेसाठी यादी आवडत नाही, कारण यादीत नाव कितव्या नंबरवर हे पक्षाचा नेता ठरवणार आणि तिकिटासाठी आज जे चालतं ते तिथे दुप्पट चालेल. नगरसेवक हा आपण नावाने ओळखतो असा माणूस असतो, ड्रेनेज तुंबलं की त्याला फोन लावतो. म्हणून मला पसंतीक्रमाची पद्धत जास्त पटते, कायद्याच्या मराठीत तिला एकल संक्रमणीय मत म्हणतात.

ही पद्धत पुण्यातल्या बऱ्याच लोकांनी अर्धी बघितलेली आहे. पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवलं असेल, तर तिथे मशीन नसतं, मतपत्रिका असते, सोबत एक जांभळं स्केचपेन देतात, त्याच पेनने उमेदवाराच्या नावासमोर १ लिहायचा, दुसरा आवडत असेल तर त्याच्यासमोर २, मग ३, जितके वाटतील तितके. टिकमार्क केला की मत बाद, स्वतःचं पेन वापरलं की बाद. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतले पदवीधर आणि शिक्षक असं मतदान करतात. पण तिथे जागा एकच असते, त्यामुळे ती निवडणूक प्रमाणशीर होत नाही, एका जागेचं प्रमाण काढणार कशात? तीच मतपत्रिका, तेच आकडे, पण जागा चार केल्या की मग खरी गंमत सुरू होते.

एक प्रभाग धरू. चार जागा, ५०,००० वैध मतं. पहिलं काम कोटा काढणे, म्हणजे निवडून यायला किमान किती मतं लागतात. जागांमध्ये एक मिळवायचा, म्हणजे पाच, एकूण मतांना पाचने भागायचं, १०,००० आले, त्यात एक मिळवायचा, १०,००१. पाचने का भागायचं, तर १०,००१ मतं जास्तीत जास्त चारच जणांना मिळू शकतात, पाचव्याला मिळायला ५०,००५ मतं लागतील आणि तेवढी नाहीतच. म्हणजे ज्याने कोटा गाठला त्याला कुणी हरवूच शकत नाही.

उमेदवार सात. कपबशी चिन्हावर तिघं, भाऊ, ताई आणि बंटी. छत्रीवर दोघं, अण्णा आणि वहिनी. नारळावर एकटे मास्तर. आणि शिलाई मशीन चिन्ह घेऊन अपक्ष मावशी, ज्यांनी टँकरच्या प्रश्नावर त्या भागात काम केलंय. आता इथे प्रत्येक मतदाराला मत एकच, चार नाही, पण त्या एका मतावर तो क्रम लिहितो. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: भाऊ १२,५०१, ताई ६,०००, बंटी २,४९९, अण्णा ९,०००, वहिनी ६,०००, मास्तर ९,०००, मावशी ५,०००. बेरीज करून बघा, कपबशी २१,०००, म्हणजे वर घेतलेले तेच ४२ टक्के, छत्री ३० टक्के, नारळ १८, मावशी १०.

पहिल्या फेरीत भाऊंनी कोटा पार केला, ते निवडून आले. पण त्यांच्याकडे २,५०० मतं जास्तीची आहेत, त्यांना लागत होती १०,००१ आणि मिळाली १२,५०१. आपल्या नेहमीच्या पद्धतीत ही जास्तीची मतं नुसतीच लीड म्हणून मिरवायला असतात. इथे ती पुढे जातात. कुठली २,५०० मतं पुढे न्यायची यावर भांडण नको म्हणून भाऊंच्या सगळ्याच मतपत्रिकांची दुसरी पसंती बघतात आणि प्रत्येक मत साधारण एक पंचमांश किमतीने पुढे सरकतं, कारण २,५०० हे १२,५०१ च्या साधारण पाचवा भाग आहेत. समजा १०,००० जणांनी दुसरी पसंती ताईंना दिली आणि बाकीच्या २,५०१ जणांनी बंटीला, तर ताईंना २,००० आणि बंटीला ५०० मिळतात. ताई आता ८,०००, बंटी २,९९९.

कोट्यावर आणखी कुणी नाही, मग सगळ्यात खालचा बाद करायचा. बंटी बाद. पण बंटीला मत देणाऱ्यांचं मत बाद होत नाही, हे नीट लक्षात घ्या, पद्धतीचा सगळा जीव या एका नियमात आहे. त्यांच्या मतपत्रिकेवर पुढचं नाव कुणाचं आहे ते बघतात आणि मत तिकडे जातं. त्यातली २,००१ ताईंकडे गेली, त्या बरोबर १०,००१ वर पोचल्या आणि निवडून आल्या. ५०० मावशींकडे, ४९८ मास्तरांकडे. दोन जागा भरल्या. आता अण्णा ९,०००, मास्तर ९,४९८, वहिनी ६,०००, मावशी ५,५००. सगळ्यात खाली मावशी, त्या बाद. त्यांच्या ५,५०० पैकी २,५०० मतदारांनी पुढची पसंती मास्तरांना दिली होती, १,५०० जणांनी अण्णांना, १,००० जणांनी वहिनींना, आणि ५०० जणांनी पुढे काहीच लिहिलं नव्हतं, ती मतं तिथेच थांबली. मास्तर ११,९९८, अण्णा १०,५००, दोघंही कोट्याच्या वर, चार जागा पूर्ण.

निकाल: कपबशी २, छत्री १, नारळ १. त्याच मतदारांनी, त्याच ५०,००० मतांतून. आत्ताच्या मोजणीत तो कपबशी ४, बाकी शून्य असा लागला असता. अगदी काटेकोर प्रमाण झालं का, तर नाही, छत्रीला ३० टक्क्यांवर एक जागा आणि नारळाला १८ टक्क्यांवरही एकच, चार जागांत याहून बारीक वाटणी होत नाही, पण ४१ प्रभागांची बेरीज केली की हे मागेपुढे बरंचसं भरून निघतं. आणि मावशी पडल्या तरी त्यांच्या मतदारांपैकी बहुतेकांचं मत कुणाला ना कुणाला निवडून आणायला कामी आलं. आपल्याकडे अपक्षाला मत द्यायचं म्हटलं की घरातलंच कुणीतरी म्हणतं, कशाला मत वाया घालवतेस. इथे ती भीतीच राहत नाही, मनापासून मावशींना १ लिहायचा आणि त्या नाही आल्या तर मास्तरांना २.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बंटी पडला पण ताई आल्या, कपबशीचेच दोघं, आणि दोघांत कोण हे मतदारांनी ठरवलं. आज पॅनेलमध्ये एक तगडा उमेदवार असतो, खर्च तो करतो, मतं तो आणतो आणि त्याच्या जोरावर बाकीचे तिघं निवडून येतात ज्यांची नावंही लोकांना धड माहीत नसतात. पसंतीक्रमात एकाच पक्षाच्या उमेदवारांनाही लोकांसमोर आपापली ओळख द्यावी लागते. पक्षातल्या पक्षात त्यामुळे धुसफूस वाढते हे खरंय, पण ती मला परवडते.

आमदारांना तर हे सगळं चांगलं माहितीये. राज्यसभेची निवडणूक अशीच होते, विधान परिषदेच्या आमदारांमधून भरायच्या जागाही. जून २०२२ ची राज्यसभा आठवते का, सहा जागा, सात उमेदवार, रात्री उशिरापर्यंत चाललेली मोजणी. वैध मतं २८४, कोटा ४०.५८ (तिथे एका मताची किंमत १०० धरून मोजतात, म्हणून कोटा दशांशात येतो). पहिल्या पसंतीत पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, शिवसेनेचे संजय पवार ३३ आणि भाजपचे धनंजय महाडिक २७. नेहमीच्या डोळ्यांनी बघितलं तर सहावी जागा पवारांची, ३३ विरुद्ध २७. पण गोयल आणि बोंडे यांच्याकडे कोट्यापेक्षा प्रत्येकी सात-साडेसात मतं जास्तीची होती, ती दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे सरकली, महाडिक एकेचाळीसच्या वर गेले आणि निवडून आले. दुसऱ्या दिवशी अनेकांना वाटलं यात काहीतरी चलाखी झाली. पक्ष कोणताही असो, मोजणीच्या दृष्टीने त्यात चलाखी नव्हती, ज्या गटाकडे तीन कोट्यांएवढी मतं होती त्याचे तीन आले, भाजपच्या तिघांची बेरीज १२३ होते आणि तीन कोटे म्हणजे १२२ च्या खाली. चलाखी म्हणायची तर ती त्या आधी अपक्ष आमदारांना आपल्याकडे वळवण्यात होती, आणि तो वेगळाच विषय.

खुद्द पालिकेच्या आतसुद्धा हे तत्त्व मानलेलं आहे. स्थायी समितीचे १६ सदस्य कोणत्या पक्षाचे किती हे तौलनिक संख्याबळावर ठरतं, स्वीकृत नगरसेवकांचंही तसंच. म्हणजे सभागृहात पोचलेल्या पक्षांना एकमेकांत वाटणी करताना प्रमाण लागतं, ते न्यायाचं वाटतं. मतदारांना सभागृहात पोचवताना मात्र ते लावलेलं नाही.

आता बाहेरची शहरं. पुण्याला सगळ्यात जवळचं उदाहरण स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं. तिथे २००३ पर्यंत एक सदस्याचे वॉर्ड होते, त्या वर्षी लेबर पक्षाला निम्म्यापेक्षा कमी मतं मिळाली आणि ७९ पैकी ७१ जागा मिळाल्या. २००४ ला स्कॉटलंडने कायदा केला आणि २००७ पासून सगळ्या पालिकांना तीन किंवा चार जागांचे वॉर्ड आणि पसंतीक्रमाचं मतदान आलं. ग्लासगोत त्याच ७९ जागांमध्ये लेबर ४५, एसएनपी म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टी २२, ग्रीन ५, लिबरल डेमोक्रॅट ५ आणि दोन जागा इतर दोन पक्षांना. लेबरच पहिला राहिला, बहुमतही राहिलं, पण समोर प्रश्न विचारायला ३४ जण बसले, आधी आठ होते. हा कायदा करणाऱ्या सरकारमध्ये लेबर पक्ष स्वतः होता, स्वतःच्या जागा कमी होणार हे दिसत असताना. युती टिकवायला केलं असेल, तरी केलं. तिथे एक खोटही दिसली ती सांगायला हवी, मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने असतात आणि एकाच पक्षाचे दोघं असले की वरच्या नावाला लोक सहज १ देऊन टाकतात. त्याला उपाय आहे, वेगवेगळ्या मतपत्रिकांवर नावांचा क्रम फिरता ठेवायचा, फक्त तो आधीच ठरवावा लागतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, हार्वर्ड आणि एमआयटी आहेत ते शहर, १९४१ पासून आजपर्यंत नगर परिषद याच पद्धतीने निवडतात. अख्ख्या शहराचा एकच प्रभाग, नऊ जागा, दर दोन वर्षांनी निवडणूक, आणि महापौर हे नऊ जण आपल्यातूनच निवडतात, आपल्यासारखंच. पूर्वी हाताने मोजायला जवळपास आठवडा लागायचा, १९९७ पासून कॉम्प्युटरवर होतं. तिथला एक नियम मला खूप आवडतो, मध्येच एखाद्या नगरसेवकाची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक घेत नाहीत, ज्या मतपत्रिकांनी तो निवडून आला होता त्याच परत काढतात, त्यांवर पुढची पसंती कोणाला आहे ते मोजतात आणि तो माणूस येतो. म्हणजे गेलेल्या माणसाच्या मतदारांनाच त्यांचा दुसरा माणूस मिळतो. पोर्टलंड या शहराने तर अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२४ ला, पहिल्यांदा अशी निवडणूक घेतली, चार विभाग, प्रत्येकी तीन जागा, बारा नगरसेवक.

न्यूयॉर्कची गोष्ट मात्र वाईट वाटायला लावणारी आहे. तिथे १९३५ ला डेमोक्रॅट पक्षाने साधारण दोन तृतीयांश मतांवर ६५ पैकी ६२ जागा घेतल्या होत्या. लोकांनी १९३६ ला सार्वमत घेऊन पसंतीक्रम आणला, १९३७ ला पहिली निवडणूक झाली. १९४१ ला न्यूयॉर्कच्या परिषदेवर पहिला कृष्णवर्णीय सदस्य निवडून आला, ॲडम क्लेटन पॉवेल. छोटे पक्ष आले, आणि दोन कम्युनिस्टही आले. १९४५ ला डेमोक्रॅटना ५९ टक्के मतं आणि २३ पैकी १५ जागा होत्या, म्हणजे मतं आणि जागा बऱ्यापैकी जुळत होत्या. मग शीतयुद्धाचं वारं सुरू झालं, ही पद्धत म्हणजे कम्युनिस्टांना दार उघडं असा प्रचार जोरात झाला आणि १९४७ ला परत सार्वमत घेऊन ती काढून टाकली. १९४९ ला डेमोक्रॅटना मतं जेमतेम ५३ टक्के आणि जागा २५ पैकी २४. पद्धत बिघडली म्हणून काढली नव्हती, जे लोक आत यायला लागले ते नको होते म्हणून काढली. आपल्याकडे उद्या हा विषय निघाला तर हाच मुद्दा वेगळ्या नावाने येणार, ह्यांचे लोक निवडून येतील, त्यांचे लोक निवडून येतील. येऊ देत की, वीस टक्के लोकांना ते हवे असतील तर चारात एक जागा त्यांची आहेच.

आणि हा प्रश्न आपल्याला नवीन नाही. १९३७ ला मुंबई प्रांताच्या निवडणुकीत बहुसदस्य मतदारसंघ होते आणि जेवढ्या जागा तेवढी मतं मतदाराला होती, पण ती सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराला देता यायची. डॉ. आंबेडकरांचा याच पद्धतीला पाठिंबा होता, कारण संख्येने कमी असलेल्या समाजाने आपली सगळी मतं एका माणसावर ठेवली तर तो निवडून येऊ शकतो. आजच्या प्रभागात चार मतं आहेत पण ती चार वेगळ्या जागांना वाटून टाकावी लागतात, एकावर ठेवता येत नाहीत. म्हणजे मतं एकवटायची जी सोय त्या मतदाराला होती ती आज येरवड्याच्या किंवा हडपसरच्या मतदाराला नाही. प्रमाणशीर पद्धत तेच काम जास्त नीट करते, कारण एकावर किती मतं ठेवायची याचा अंदाज मतदाराला बांधावा लागत नाही, जास्तीची झाली तर पुढे सरकतात आणि कमी पडली तरी सरकतात.

अडचणी आहेत, नाही असं नाही. सध्याच्या मशीनवर क्रम देता येत नाही, म्हणजे एकतर कागद किंवा नवीन मशीन. मोजणी लांबते. आकडे लिहिता न येणाऱ्या मतदारांचं काय, हा खरा प्रश्न आहे, त्यावर नुसता १ लिहिला तरी मत वैध हा नियम हवाच हवा आणि चिन्हासमोर खूण करायची सोय द्यायला लागेल. एका पक्षाला सहज बहुमत मिळणार नाही, आघाडी करावी लागेल, काही जण म्हणतात मग कामं अडतील. मला नाही पटत. मार्च २०२२ पासून पुढची साडेतीन वर्षांहून जास्त पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा एकहाती कारभार होता, अडवणारं कुणीच नव्हतं, तरी सिंहगड रोडचा ट्रॅफिक आणि समाविष्ट गावांचे टँकर तसेच राहिले.

कायद्यात यासाठी घटना बदलायला लागत नाही असं मला वाचून वाटतं, अनुच्छेद २४३-आर म्हणतो की नगरसेवक वॉर्डांमधून थेट निवडले जावेत, आणि इथे वॉर्डही आहे आणि थेट निवडणूकही. बदल करायचा तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात, म्हणजे विधिमंडळात, ज्या हातांनी प्रभागातल्या जागांचा आकडा एवढ्या वेळा बदललाय त्याच हातांनी.

सगळ्यात अवघड गाठ आरक्षणाची आहे आणि ती सोडवल्याशिवाय हा विषय पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. आज अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असल्यामुळे आरक्षण सोपं जातं, ही जागा अनुसूचित जातीसाठी, ही ओबीसी महिलेसाठी, ही सर्वसाधारण महिलेसाठी, ही खुली. आपल्या उदाहरणातला निकाल परत बघा, भाऊ, ताई, मास्तर, अण्णा, चारात बाई एकच, आणि महाराष्ट्रात पालिकांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. मग काय करायचं, तर मोजणीलाच अट घालायची, या चारात किमान दोन महिला हव्यात. दोन जागा भरल्या तेव्हा भाऊ आणि ताई आले होते, म्हणजे अजून एक महिला हवी. मावशी बाद झाल्या, मास्तर आणि अण्णा दोघंही कोट्याच्या वर गेले, त्यात मास्तर पुढे म्हणून आधी त्यांना घेतलं. आता जागा एकच उरली आणि अट अपुरी आहे, म्हणजे ती जागा महिलेलाच जाणार. अण्णांना तिथे थांबावं लागतं, त्यांची मतं पुढच्या पसंतीला म्हणजे मुख्यतः वहिनींकडे जातात आणि वहिनी निवडून येतात. पक्षांची वाटणी बघा, कपबशी २, छत्री १, नारळ १, तशीच्या तशी राहिली. छत्रीला मत देणाऱ्या ३० टक्के लोकांची जागा छत्रीकडेच राहिली, फक्त माणूस बदलला. अनुसूचित जाती आणि ओबीसी जागांची अटही अशीच लावता येते, फक्त तिथे अटी एकावर एक येतात तेव्हा कुठली आधी बघायची हा क्रम नियमांत आधीच छापलेला असला पाहिजे, मोजणीच्या टेबलावर ठरवायला ठेवला तर रात्रभर भांडणं होतील. अण्णांना जास्त मतं असून थांबावं लागलं हे त्यांच्या कार्यकर्त्यांना खटकणार, पण आजच्या पद्धतीत त्या प्रभागात छत्रीचे अण्णाही येत नाहीत आणि वहिनीही येत नाहीत.